ठिणगीचा ताळेबंद

पेटवण्याच्या बाबतीत आपण मंडळी कधी मागे नव्हतो. चूल पेटवणे, विडी पेटवणे, शेकोटी पेटवणे, झालंच तर दोन भावांच्या वाटणीत काडी टाकून आपण पारावर जाऊन बसणे, या सर्व कलांत आमच्या भागाने चांगलं प्रावीण्य मिळवलेलं आहे. पण बंद डब्यात, कुणाच्या डोळ्यांना न दिसता, मिनिटाला सहा हजार वेळा आणि तेही दर वेळी ठरल्या क्षणी पेटवायचं, हा उद्योग मात्र जर्मन, अमेरिकन आणि इटालियन लोकांनी केला. लोक मोटारीचा इतिहास चाकापासून सुरू करतात. चाकं काय, बैलगाडीलाही असतात. मोटारीचा खरा इतिहास ठिणगीचा आहे, आणि तो लिहायला कुणी इंजिनियर पुढे येत नाही म्हणून ही कामगिरी एका बँकेच्या कारकुनावर येऊन पडली आहे.

माझा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इंजिन या वस्तूशी माझा अधिकृत संबंध वाहनकर्जाच्या फाइलीतल्या इंजिन नंबरापुरता. अनधिकृत संबंध मात्र घरचा आहे. आमच्या सासऱ्यांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आता आमच्या दारात उभी असते. ती हुंड्यात आलेली नाही (कायदा मलाही ठाऊक आहे). मधुमेहानं त्यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि सांगितलं, "जावईबापू, बैल म्हातारा असला तरी बाजार दाखवायचा नसतो." सासरे गुरांचे डॉक्टर होते. त्यांची सगळी उपमासृष्टी गोठ्यातली.

आणि गाव कोणतं, तर नेकनूर. नेक म्हणजे चांगला आणि नूर म्हणजे उजेड. म्हणजे शब्दश: पाहिलं तर आम्ही चांगल्या उजेडात राहतो. भारनियमनाच्या काळात या नावावरून पाहुणे जे विनोद करत, ते सगळे आम्ही मेणबत्तीच्या उजेडात ऐकून घेतलेले आहेत. मांजरसुंब्याहून केजकडे जाताना लागणारं हे बाजाराचं गाव. गुरांचा बाजार इथला मोठा. जिल्ह्याच्या ठिकाणी म्हणजे बीडला रेल्वे यायला २०२५ साल उजाडावं लागलं. त्यामुळे आमच्या पिढ्यान् पिढ्या ज्या काही हलल्या, त्या बैलांच्या नाही तर मोटारींच्या जिवावर. अशा ठिकाणी गाडी सुरू होते की नाही, हा करमणुकीचा प्रश्न नसतो.

तर ठिणगी.

कार्ल बेन्झने १८८६ साली पहिल्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं, त्या गाडीत बॅटरी आणि कॉइलवर ठिणगी पाडायची सोय होती. त्याच देशातल्या गोटलीब डाइमलरने मात्र वेगळा मार्ग धरला. त्याच्या इंजिनात एक नळी असे, ती बाहेरून बर्नरने लाल होईपर्यंत तापवायची आणि तिच्या धगीने आतला वायू पेटायचा. म्हणजे पेट्रोलच्या टाकीपासून हाताच्या अंतरावर उघडा जाळ पेटवून माणसं वर ऐटीत बसत. विमा कंपन्या तेव्हा काय करत होत्या, हे बघण्यासारखं आहे.

मग रॉबर्ट बॉश आला. १८९७ साली त्याच्या कारखान्यातला मॅग्नेटो एका तीनचाकी गाडीला बसला, आणि १९०२ साली त्याच्याच गोटलोब होनोल्ड नावाच्या इंजिनियरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग तयार केला. मॅग्नेटो म्हणजे स्वत:पुरती वीज स्वत:च काढणारं यंत्र. बॅटरी नको, उधारी नको. स्वयंपूर्ण माणसासारखं त्याचंही एकच दुखणं होतं, की तो स्वत: हलल्याशिवाय काही देत नसे. गाडी सुरू करायला हँडल मारायचं, म्हणजे इंजिन फिरेल, म्हणजे मॅग्नेटो फिरेल, म्हणजे ठिणगी पडेल. आणि ठिणगी जर नको तेव्हा पडली तर हँडल उलटं फिरून मारणाऱ्याचं मनगट मोडेल. जगातल्या कित्येक डॉक्टरांची घरं त्या काळात या हँडलने चालवली. याच बॉशच्या सहकार्याने पुढे १९५१ साली बंगळुरात मायको निघाली आणि आपल्याकडे प्लग म्हणजे मायकोचा, असं समीकरण होऊन बसलं.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, हे चालकाने ठरवायचं असे. स्टिअरिंगखाली त्याची वेगळी दांडी होती. त्याचं कारण असं, की आतला वायू जळायला थोडा वेळ घेतो आणि इंजिन जोरात फिरायला लागलं की पिस्टन काही त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडावी लागते. पुढे हे काम डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातल्या दोन वजनांनी आणि दोन स्प्रिंगांनी शिकून घेतलं. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. अशी वजनं आमच्या पगारपत्रकाला बसवायची सूचना मी संघटनेच्या बैठकीत एकदा मांडली होती. महागाईचा वेग वाढला की महागाई भत्ता आपोआप आधी पडावा. सूचना इतिवृत्तात नोंदली गेली आहे.

यानंतरचा माणूस मला सगळ्यात जवळचा, कारण तो आमच्या खात्यातला. चार्ल्स केटरिंग. ओहायो राज्यातल्या डेटन गावी गल्ले बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत तो नोकरीला होता. दुकानातला गल्ला त्याने १९०६ च्या सुमारास विजेवर चालवून दाखवला. गल्ल्याचा खण उघडायला क्षणभर जोर लागतो, दिवसभर नाही. मग त्यासाठी दिवसभर दमदार राहणारी मोठी मोटर कशाला? क्षणभरासाठी एरवीपेक्षा जास्त ताण सोसणारी छोटी मोटर पुरे. हाच हिशेब त्याने पुढे मोटारीच्या सेल्फ स्टार्टरला लावला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. तुम्ही किल्ली फिरवता आणि इंजिन कुरकुर करत जागं होतं, त्याचं मूळ वाण्याच्या गल्ल्यात आहे. हे मला कळलं तेव्हा चारचौघांत सांगण्यासारखा वाणिज्य शाखेचा पराक्रम प्रथमच हाती लागला.

त्याच्याही आधी, गल्ल्याच्या कंपनीतली नोकरी सांभाळून, संध्याकाळी एका सहकाऱ्याच्या परसातल्या कोठारात बसून त्याने ठिणगीचं काम केलं. बॅटरी, कॉइल, उघडझाप करणारे पॉइंट आणि डिस्ट्रिब्यूटर ही मांडणी त्याची. डेल्को ही कंपनी त्यातून निघाली आणि कॅडिलॅकने ही मांडणी आपल्या १९१० च्या गाड्यांत घेतली. याच केटरिंगने पुढे पेट्रोलमध्ये शिसं घालण्याच्या धंद्याचाही हिरिरीने पुरस्कार केला. ते शिसं आपल्या देशातल्या पंपांवरून पूर्णपणे जायला २००० साल उजाडलं. मोठ्या माणसाचं खातं उघडलं की जमेला जागा पुरत नाही आणि नावेची बाजूही कोरी राहत नाही.

आता ही मांडणी चालते कशी, ते आमच्या भाषेत सांगतो.

बॅटरीत असतात बारा व्होल्ट. एवढ्याने प्लगच्या तोंडातली फट ओलांडून ठिणगी जात नाही. म्हणून मध्ये कॉइल. तिच्यात तारेचे दोन वेटोळे, एक जाड तारेचा थोड्या वेढ्यांचा आणि दुसरा केसासारख्या तारेचा, हजारो वेढ्यांचा. पहिल्यातून वीज वाहू द्यायची आणि ऐन रंगात आली असताना एकदम तोडायची. सकाळपासून रांग शांतपणे सरकत असते आणि ऐन वेळी कॅशियर खिडकीची फळी लावून आत जातो. त्या क्षणी रांगेत जो दाब तयार होतो, तो मी रोज बघतो. कॉइलमध्ये तेच होतं. दुसऱ्या वेटोळ्यात एकदम पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. बाराचे वीस हजार! असला व्याजदर मागायला कृपया कुणी आमच्या शाखेत येऊ नये. शिवाय यात फुकटचं काही नाही. व्होल्ट वाढतात त्या मानाने प्रवाह कमी होतो, ताळेबंद जुळतो.

ही फळी लावण्याचं काम पॉइंटचं. डिस्ट्रिब्यूटरच्या मध्यावर चार कोनांचा एक दांडा फिरतो. प्रत्येक कोन पॉइंटच्या टाचेला ढुशी देतो, पॉइंट उघडतो, वीज तुटते, ठिणगी पडते. तुटताना पॉइंटच्या तोंडाशीही थोडी वीज उसळते. ती तिथेच जळत राहिली तर पॉइंट खाऊन टाकील, म्हणून शेजारी सुपारीएवढा कंडेन्सर बसवलेला असतो. तो ती उसळी तात्पुरती पोटात घेतो. बँकेतल्या वाचकांना हे एका शब्दात कळेल: सस्पेन्स खातं.

वर टोपीखाली रोटर फिरतो आणि ज्याची पाळी असेल त्याला ठिणगी वाटतो. पाळी कशी, तर एक, तीन, चार, दोन. पहिल्या क्रमांकाच्या टोकनानंतर तिसऱ्याला पुकारायचं, मग चौथ्याला, आणि दुसऱ्याने गप्प बसून राहायचं. हे फक्त इंजिनातच शक्य आहे. आमच्या काउंटरवर करून बघा, दोन नंबरवाला आत येईल.

आमच्या गाडीचं घराणं इटालियन. इटलीने वाणिज्यवाल्यांना आधीच एकदा छळलेलं आहे. जमाखर्चाची दुहेरी नोंद पहिल्यांदा छापून काढली ती लुका पाचोली या इटालियन धर्मगुरूने, व्हेनिसमध्ये, १४९४ साली. तिच्यातून बी.कॉम. होऊन सुटलो, तो घरात दुसरी इटालियन आली. तिला आपल्याकडे यायची वाट मात्र एका सोलापूरकराने करून दिली. वालचंद हिराचंद. जन्म १८८२, सोलापूर. जहाजं काढली, विमानाचा कारखाना काढला, साखर काढली आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. धुळे-सोलापूर हमरस्ता आमच्या मांजरसुंब्यावरून जातो, त्यामुळे वालचंदांना आम्ही आमच्याच रस्त्यावरचे समजतो.

कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात. डॉज, डिसोटो, प्लिमथ, सगळ्या कशा सरदार घराण्यातल्या. मग फियाटशी करार झाला, १९५१ च्या सुमारास छोटी फियाट आली आणि १९५४ साली अकराशे. वालचंद १९५३ सालीच गेले होते. जी गाडी पुढे मुंबईची टॅक्सी होऊन लाखो लोकांच्या बुडाखाली राहिली, ती त्यांनी रस्त्यावर पाहिली नाही. १९६४ साली तिचं रूप बदलून डिलाइट झाली, १९७० च्या दशकाच्या मध्यावर आधी प्रेसिडेंट आणि मग चितोडच्या राणीच्या नावाने पद्मिनी. नाव राणीचं, आत चार सिलिंडर, १०८९ सी.सी. आणि केटरिंगचे तेच पॉइंट.

मौज पुढेच आहे. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला. आमच्याकडे ट्रान्झिस्टर म्हणजे खांद्याला लटकवून शेतात न्यायचा रेडिओ. पण अमेरिकन कारखान्यांनी त्याला ठिणगीच्या कामाला लावलं. पॉइंटऐवजी वीज तोडायची ट्रान्झिस्टरने. पॉइंट नाही म्हणजे घासणं नाही आणि जळणंही नाही. १९७३ साली क्रायस्लरने आपल्या तिकडच्या सगळ्या मोटारींना हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावून टाकलं. म्हणजे प्रीमियरची पहिली सोयरीक जिच्याशी झाली, तिच्या माहेरचे पॉइंट १९७३ साली गेले. आणि आमच्या सासऱ्यांनी तेरा वर्षांनी, नंबर लावून, वाट बघून, पेढे वाटून जी गाडी घरी आणली, तिच्यात ते ठणठणीत होते.

याला कारखान्यातले इंजिनियर जबाबदार होते, असं मला वाटत नाही. परवान्याशिवाय कारखाना वाढवता येत नव्हता, परदेशी माल आणायला परकीय चलन नव्हतं, आणि मुख्य म्हणजे गरज नव्हती. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे दारात उभं असेल तर त्याला ताजी भाजी कोण वाढतो? १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात दिली, तेव्हा कुठे भाजी गरम करायची पाळी आली. पद्मिनीने तरीही नव्या शतकाच्या तोंडापर्यंत तग धरला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून आलेले मृत्युलेख सासऱ्यांनी आमच्या हिच्याकडून दोनदा वाचून घेतले.

आता पॉइंटच्या संसाराविषयी. पॉइंट उघडल्यावर दोन तोंडांत जी फट पडते, ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी असावी लागते. टाच झिजली की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते आणि गाडी चढावर दम टाकते. तोंडाला खड्डे पडले की सकाळी उठत नाही. मग टोपी काढायची, पॉलिश पेपरने तोंडं घासायची आणि फट मोजायची. मोजायला फीलर गेज नावाची पात्यांची जुडी मिळते. पण नेकनूरला उस्तादांनी ती कधी वापरलेली मी पाहिली नाही. ते पोस्टकार्ड दुमडून घालत. पोस्टकार्डं दिसेनाशी झाल्यावर आमच्या बँकेच्या जुन्या पासबुकाचं कव्हर. "साहेब, तुमच्या बँकेचं हे एक काम लई पक्कं हे," असं ते मनापासून सांगत.

उस्ताद म्हणजे आमचे मिस्त्री. बाजाराच्या रस्त्याला पत्र्याचं शेड, समोर बाभूळ, बाभळीला टांगलेली ट्यूब. वय सत्तरीच्या अलीकडे पलीकडे. त्यांचा टायमिंग लावायचा दिवा म्हणजे त्यांचा उजवा कान. गाडी चालू ठेवायची, डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट ढिला करायचा आणि रेडिओचं स्टेशन लावावं तसा तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज लोण्यासारखा होतो. तिथं उस्ताद डोळे मिटत आणि बोल्ट आवळत. पावसाळ्यात टोपीत दमट धरला तर ती शेजारच्या हॉटेलात तव्याच्या कडेला शेकून आणत. एकदा भज्यांच्या वासाची टोपी बसवून मी महिनाभर शाखेत जात होतो.

हे सगळं आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की बदलायचा विचार कुणाच्या मनात नव्हता. सासऱ्यांच्या तर नाहीच. त्यांचं म्हणणं, जनावराचं मूळ अवयव काढून दुसरं बसवायचं नसतं.

मग तो जुलै आला. रात्री साडेअकराला सासऱ्यांच्या छातीत कळ आली. घाम फुटला. गाडीत घातलं आणि बीडचा रस्ता धरला. पाऊस असा, की वायपर चालू आहे की बंद, हे ऐकूनच समजायचं. मांजरसुंबा ओलांडलं आणि घाटात गाडीने दोन आचके दिले आणि शांत झाली. पॉइंट नवा होता, पण शहरातल्या एका दुकानातून आणलेला डुप्लिकेट माल निघाला. टाच पार बसली होती आणि टोपीत पाणी शिरलं होतं. आमची ही टॉर्च धरून, मी रुमालाने टोपी पुसतोय, आणि आतून सासरे शांतपणे सांगतायत, "पॉइंट बघ." ती वीस मिनिटं मला विनोदी लिहिता येत नाहीत. पाठीमागून दुधाचा टेम्पो आला, त्याने कॅनमध्ये जागा करून सासऱ्यांना पुढे बसवलं आणि बीडला पोचवलं. डॉक्टर म्हणाले, सौम्य आहे, पण वेळेवर आणलंत. वेळेवर त्या टेम्पोने आणलं होतं.

आठवड्याने घरी परतल्यावर सासऱ्यांनी विषय काढला. "जावईबापू, ते विजेचं काय म्हणता ते बसवून घ्या. जनावर काढायचं नाही. पण खुबा बदलायला हरकत नाही."

घरातल्या एक-दोघांनी गाडीच काढून टाकण्याचा सल्ला दिला होता, आणि आकड्यांच्या दृष्टीने तो सल्ला बिनतोड होता. जुन्या मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं आणि २०२५ साली वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ते दहा हजार झालं. पण काही खाती तोट्यात असूनही बंद करता येत नाहीत. ज्याने बँकेत नोकरी केली त्याला अशी चार नावं तोंडपाठ असतात.

पुण्याहून कुरियरने डिस्ट्रिब्यूटर आला. आख्खा नवा, बाहेरून जुन्याचा सख्खा भाऊ, पण पोटात पॉइंट नाहीत, कंडेन्सर नाही. दांड्यावर चार खिडक्यांचं एक टोपडं फिरतं. एका बाजूला लोहचुंबक, दुसऱ्या बाजूला तांदळाएवढा तुकडा. चुंबकाची नजर खिडकीतून आली की तुकड्याला कळतं, पत्रा आड आला की तेही कळतं. आणि त्यावरून ट्रान्झिस्टर कॉइलची वीज तोडतो. कशाला कशाचा स्पर्श नाही. वाहत्या विजेवर चुंबक धरला की तिच्या बाजूला बारीकसा दाब उमटतो, हे एडविन हॉल नावाच्या विद्यार्थ्याने १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखवलं. प्रयोगाला त्याने सोन्याचा वर्ख काचेवर चिकटवून घेतला होता. सोनेतारणाच्या टेबलावर माझी चार वर्षं गेली. सोन्यातून इतका उशिरा आणि इतक्या लांब परतावा मिळालेलं दुसरं खातं मला ठाऊक नाही.

बसवायचं कुणी? उस्तादांनीच. त्यांना विचारताना मला अवघड वाटत होतं. दर चार महिन्यांनी आमची गाडी त्यांच्या बाभळीखाली यायची, ती आता येणार नव्हती. नेकनुरात पॉइंटच्या गाड्या राहिल्यात तरी किती? शेडमध्ये हल्ली मोटारसायकलीच जास्त, आणि त्या त्यांचा पुतण्या बघतो.

आमच्याकडेही हे होऊन गेलेलं आहे. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि हळूहळू लेजरं गेली. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत एक हेडकॅशियर होते. नोटांची गड्डी कानाशी धरून फर्रकन सोडली की दोन नोटा कमी आहेत, हे सांगायचे. नोटा मोजायचं यंत्र आलं, त्या दिवशी त्यांनी यंत्राची मोजणी बरोबर आहे की नाही हे कानाने तपासलं. बरोबर होती. मग त्यांनी यंत्रावर रुमाल झाकला आणि चहाला गेले.

दुसऱ्या शनिवारी शेडमध्ये गाडी लावली. सासरे खुर्ची टाकून बाभळीखाली. उस्तादांनी पहिला पिस्टन वर आणला, रोटरचं तोंड कुठं आहे तिथं खडूची खूण केली, बोल्ट काढला आणि जुना डिस्ट्रिब्यूटर नुकत्या जन्मलेल्या वासरासारखा दोन्ही हातांत घेऊन फळीवर ठेवला. नवा त्याच खुणेवर उतरवला. तारा जोडताना पुतण्या म्हणाला, लाल प्लसला, उलटं झालं तर आतलं जळतं. उस्ताद म्हणाले, "म्हंजे ह्याला माफी नाई." किल्ली फिरवली. गाडी पहिल्या हाकेला उठली. एवढ्या पटकन, की सासऱ्यांनी खुर्चीतून मान उचलली.

उस्तादांनी सवयीने डिस्ट्रिब्यूटर हातात धरला, केसभर इकडे, केसभर तिकडे केला, डोळे मिटले आणि बोल्ट आवळला. पुतण्याने टायमिंगचा दिवा आणला होता, तो लखलख करत चाकावर धरला. खूण जिथं पाहिजे तिथंच होती. पुतण्याने दिवा बंद केला आणि काही न बोलता वायर गुंडाळायला लागला.

"साहेब," उस्ताद हात पुसत म्हणाले, "पॉइंट बंद पडला तर मी घासतो. हे बंद पडलं तर काय घासायचं?"

मी म्हणालो, "काही नाही. नवं आणायचं."

"घाटात?"

मी गप्प बसलो.

"तुमच्या बँकेत आमी येतो तवा तुमी म्हंता, लिंक नाई. ह्याची बी लिंक जाती का?"

जाते, कधीमधी जाते, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. पॉइंटपेक्षा फार कमी वेळा, पण जाते, आणि जाते तेव्हा आचके देऊन सूचना करत नाही. उस्तादांनी मान हलवली. जुना डिस्ट्रिब्यूटर रॉकेलने धुतला, पुसला, पॉइंट घासले, माझ्याकडून पासबुकाचं कव्हर मागून घेऊन फट लावली. मग पांढऱ्या ऑइलपेंटने त्याच्यावर 'चालू' असं लिहिलं, म्हणजे भंगार समजून कुणी फेकू नये. धोतराच्या फडक्यात बांधून तो डिकीत स्टेपनीच्या शेजारी ठेवला, कंडेन्सरसकट. बसवायचे पैसे घेतले. ह्या कामाचे विचारले तर म्हणाले, हे काम नाई.

सासरे पुढच्या सीटवर येऊन बसले. काच खाली केली.

"फट बघून ठेवलीत का त्याची?" त्यांनी विचारलं.

"ठेवली, डॉक्टरसाहेब."

"मग चला," सासरे म्हणाले. "घाटातूनच एक चक्कर टाका."